हिरव्या फळ्यावरची कोरी ओळ

फळ्यावर सगळं हिरवं होतं. तीन ओळी, तिन्हींपुढे हिरवा दिवा, तिन्हींपुढे 'वेळेवर' हा शब्द, आणि सगळ्यात वर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं, 'आज एकही उद्दिष्ट मागे नाही.' तरीही नक्षत्रा कापगतेने सकाळी आठ वाजता दिलेल्या सहाशे चोवीस कामांपैकी दुपारी एक वाजेपर्यंत एकही काम झालं नव्हतं. एकही म्हणजे एकही नाही.

सगळं वेळेवर आणि काम मात्र शून्य! हे कोडं तुम्हाला सुटतंय का बघा. नक्षत्राला सुटत नव्हतं, आणि ती काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. सातवीत होती, पण गणितात नववीच्या मुलांना चिडवण्याइतकी पुढे होती.

ही गोष्ट सन २०६१ मधली, गोंदिया जिल्ह्यातल्या कोसमटोला नावाच्या गावातली. गाव धानाचं आणि तलावाचं. गावाबाहेर एक जुनी राइस मिल होती. तिथे आता धान भरडत नसत. तिथे तालुक्याचं गणनघर होतं. वाचनालयात जाऊन कुणीही पुस्तक मागावं, तसं गणनघरात जाऊन कुणीही आपलं गणित सोडवून मागायचं. आत चौसष्ट संगणक एकमेकांना जोडून ठेवलेले होते. अशा जोडणीला क्लस्टर (मिळून काम करणाऱ्या संगणकांचा गट) म्हणतात. त्याची गंमत अशी की मोठं गणित फोडून त्याची लहान लहान कामं करायची आणि ती चौसष्ट ठिकाणी एकदम चालू द्यायची. एकट्याने चार दिवस लागतील ते सगळ्यांनी मिळून दीड-दोन तासांत होतं.

नक्षत्राचं गणित पाण्याचं होतं, आणि ते खेळातलं नव्हतं.

अठरा दिवस पाऊस नव्हता. रोवणी (धानाच्या रोपांची लावणी) होऊन महिना झालेला, आणि धान पिवळं पडायला लागलं होतं. तलावात मात्र पाणी होतं. पाणीवाटप समितीचे अध्यक्ष सदाराम लांजेवार यांनी ठरवलं होतं की आज पाच वाजता तलावाची दारं उघडायची. गावातले सगळे खूश होते. फक्त कापगत्यांच्या घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. कारण त्यांच्या सगळ्यात खोलगट बांधीत (बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात) सारसाच्या जोडीने घरटं केलं होतं. माणसाएवढा उंच, लाल डोक्याचा हा पक्षी. अख्ख्या जिल्ह्यात मोजून थोड्या जोड्या. घरट्यात दोन अंडी होती. ते घरटं नक्षत्राच्या आईला दिसलं होतं, आणि त्या दिवसापासून कुत्री आणि कोल्हे येऊ नयेत म्हणून ती बांधावर राखण करत बसत होती. त्या बांधीत पाणी वीतभर जास्त चढलं की अंडी गेली.

नक्षत्रा कालच लांजेवारांकडे गेली होती. म्हणाली, "मामाजी, पाणी दोन दिवस थांबवा ना जी. तोवर घरट्यासाठी काही उपाय पाहतो."

"थांबवलं असतं, पोरी," लांजेवार म्हणाले. त्यांचा चेहरा खरंच उतरला होता. "पण दोन दिवसांत पन्नास घरचं धान करपून जाते. मी कोणाले काय तोंड दाखवू?"

तेही खरं होतं. मग नक्षत्रानेच तोड काढली. तलावाला चार दारं. प्रत्येक दाराला खाचा चार, म्हणजे दार बंद धरून प्रत्येकाच्या पाच तऱ्हा. पाच गुणिले पाच गुणिले पाच गुणिले पाच, सहाशे पंचवीस. त्यातली सगळी दारं बंद ही एक तऱ्हा वगळायची, नाहीतर पाणी सोडायचं कशाला? उरल्या सहाशे चोवीस. यातल्या कोणत्या तऱ्हेने सगळ्या बांध्यांना पाणी पोचतं आणि घरटंही कोरडं राहतं, ते गणनघराने शोधायचं. एका तऱ्हेचं गणित म्हणजे एका संगणकाचं दहा मिनिटांचं काम.

"साडेचारपर्यंत लिहून आण," लांजेवारांनी सांगितलं होतं. "कोणतं दार किती खाचा उघडाचं ते. नाही आणलं तं मी आपल्या अंदाजानं उघडतो."

आणि आता एक वाजून गेला होता.

"पंगतराव!" नक्षत्रा ओरडली. "माझं काम काहून होऊन नाही राहिलं?"

फळ्याशेजारी उभ्या असलेल्या यंत्रमानवाने आपले चारही हात जोडले. पंगतराव हे त्याचं नाव गावातल्या पोरांनी ठेवलेलं. गणनघरात येण्याआधी तो सांगलीच्या एका मंगल कार्यालयात वाढपी होता. चार हातांनी एकाच वेळी भात, वरण, कोशिंबीर आणि जिलबी वाढायचा. कार्यालय बंद पडलं तेव्हा गणनघराने त्याला आणलं आणि नियोजकाचं (कोणतं काम कोणत्या संगणकावर कधी चालवायचं हे ठरवणाऱ्याचं) काम दिलं. तो काम चोख करायचा, फक्त जुनी बोली काही सुटली नव्हती. संगणकाला तो 'पान' म्हणायचा.

"नक्षत्राताई, बिघडलं काहीच नाही," पंगतराव म्हणाला. "फळा पाहा. चौसष्टच्या चौसष्ट पानांवर वाढलेलं आहे. एकही पान रिकामं नाही. सावकाश होऊ द्या."

"सावकाश?" नक्षत्राच्या डोळ्यांत पाणी आलं. "साडेचार वाजता मले कागद द्याचा आहे!"

आवाज ऐकून आतून यामिनी आजी आल्या. डॉ. यामिनी डोंगरवार तीस वर्षं अवकाश संशोधनात होत्या, चंद्रावर जाणाऱ्या यानांचे मार्ग त्यांनी आखले होते, आणि निवृत्त झाल्यावर गावी येऊन त्यांनीच हे गणनघर उभं केलं होतं. गावातली सगळी मुलं त्यांना आजीच म्हणत.

"अवं, काहून रडून राहिली? अगोदर फळा वाच. रडून फळा बदलत नाही."

"वाचला ना! सगळं हिरवं आहे."

"हिरवं हे वाचणं नाही झालं. हिरवं कशाले म्हणते, ते वाच. पंगतराव, हिला ओळी उघडून दाखवा."

पंगतरावाने एका हाताने फळ्यावरची एक ओळ उलगडली. दुसऱ्या हाताने नक्षत्रासमोर पाण्याचा पेला ठेवला. हीही जुनी सवय.

"गणनघरात कामांचे गट असतात," तो सांगू लागला. "प्रत्येक गटाला आपण एक शब्द दिलेला असतो, की तुमचं एवढं काम आम्ही करूच. अशा गटाला सेवावर्ग (ठरलेली सेवा मिळण्याचं वचन दिलेला कामांचा गट) म्हणतात, आणि त्या वचनाला उद्दिष्ट. उद्दिष्टं तीन प्रकारची. पंगतीतसुद्धा तीनच असतात. एक, 'मुहूर्ताच्या आत सगळ्यांची जेवणं आटपायला हवीत.' ही झाली मुदत. ही हवामानवाल्यांची ओळ बघा."

ओळीत लिहिलं होतं: हवामान. उद्दिष्ट: संध्याकाळी सहापर्यंत सगळी कामं पूर्ण. उरलेली बावन्न. एका कामाला वीस मिनिटं. दिलेले संगणक चार. वेळेवर.

"चारच काहून?" नक्षत्राने विचारलं. कोडं समोर आलं की तिचं रडू आपोआप थांबायचं.

"तूच सांग," आजी म्हणाल्या. "दीड वाजत आला. सहाले किती वेळ?"

"साडेचार तास. म्हणजे दोनशे सत्तर मिनिटं. वीस-वीस मिनिटांची कामं... एका संगणकावर तेरा होतात, थोडा वेळ उरते. तेर चोक बावन्न! चार पुरतात."

"म्हणून चार," पंगतराव म्हणाला. "आता दुसरा प्रकार. 'तासाला तीस माणसं जेवून उठली पाहिजेत.' कधीपर्यंत ते विचारायचं नाही, ओघ तुटता कामा नये. ही सरकारी दवाखान्याची ओळ. तिथून दिवसभर रक्ताच्या तपासण्या येतात. तासाला तीस पुऱ्या करायच्या, एकीला दहा मिनिटं."

"एक संगणक तासाले सहा करते. सहा पंचे तीस. पाच संगणक!"

फळ्यावर पाचच होते. नक्षत्राला बरं वाटलं. हा फळा रागीट मास्तरासारखा नव्हता तर. विचारलं की सांगत होता.

"तिसरा प्रकार," पंगतरावाने सगळ्यात वरची ओळ उघडली, आणि त्याचा आवाज एकदम अदबीचा झाला. "'एका वेळी किमान वीस पानं मांडलेली दिसलीच पाहिजेत.' किती जेवून गेले ते मोजायचं नाही, एका वेळी किती बसले आहेत ते बघायचं. हे चंद्रावरचे पाहुणे."

चंद्राच्या पलीकडच्या बाजूला एक वेधशाळा होती. तिथे पंधरा-पंधरा दिवसांची रात्र, सूर्यप्रकाशावर चालणारी वीज बंद, म्हणून तिथले शास्त्रज्ञ आपली गणितं पृथ्वीवरच्या गणनघरांकडे पाठवत. एका ताऱ्याचं काम दोन मिनिटांचं, आणि असे अकरा लाख तारे रांगेत होते.

नक्षत्राने ओळ शेवटपर्यंत वाचली आणि ती थबकली. "उद्दिष्ट वीस. मग दिलेले संगणक पंचावन्न काहून?"

पंगतराव जरा लाजला. यंत्रमानव लाजला की त्याच्या छातीवरचा दिवा मंद होतो. "उरलेली पस्तीस मी आग्रहाने वाढली," तो म्हणाला. "तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटरवरून आलेले पाहुणे. त्यांच्यापुढे मोजून वीस पानं कशी मांडायची? ते नको म्हणाले नाहीत."

"आणि मी? मी कुठं आहो?"

पंगतरावाने फळा खाली सरकवला. तिन्ही हिरव्या ओळींच्या खाली, बारीक अक्षरांत, चौथी ओळ होती. 'घरची मंडळी.' थांबलेली कामं सहाशे चोवीस. चालू शून्य. झालेली शून्य. उद्दिष्टाची जागा कोरी. दिव्याची जागाही कोरी. हिरवा नाही, लाल नाही, काहीच नाही.

नक्षत्रा त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिली. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर राग आला, आणि रागाच्या पाठोपाठ उत्तरही.

"आजी! म्हणून सगळं हिरवं आहे! फळा फक्त दिलेल्या वचनाले पाहते. माझ्या कामाले कोणी वचनच नाही दिलं. ज्याची वेळच ठरली नाही त्याले उशीर कसा होईल?"

शाब्बास! कोडं सुटलं. तुम्हाला आधीच सुटलं असेल तर तुमचीही पाठ थोपटा, पण पुढे वाचा, कारण कोडं सुटल्याने अंडी वाचत नाहीत.

"नियम कोणी केला हा?" नक्षत्राने विचारलं.

पंगतराव छताकडे बघू लागला. आजी खुर्चीत बसल्या.

"मी केला," त्या म्हणाल्या. "चार वर्षांअगोदर गणनघर सुरू झालं तेव्हा पाहुण्यांच्या अटी लिहून घेतल्या. दवाखान्याच्या, हवामानवाल्यांच्या, चंद्राच्या. आपल्या गावाची पाळी आली तं मी म्हटलं, आपण घरचे लोक. घरचे मागून बसतात, पाहुणे उठले की. आपल्यासाठी अट काय लिहाची? पाहुण्यांच्या अगोदर आपण पाटावर बसलो तं लोक काय म्हणतील? म्हणून मी ती जागा कोरी ठेवली."

"पण आजी, अकरा लाख तारे आहेत! ही पंगत उठणार कधी?"

चंद्रापर्यंतचा मार्ग सेकंदाच्या हिशेबाने आखणाऱ्या बाईंना ही साधी गोष्ट चार वर्षं दिसली नव्हती, आणि एका सातवीतल्या मुलीने ती दाखवली होती. त्यांना लाज वाटली. "याले आमच्यात उपासमार म्हणतात," त्या म्हणाल्या. "रांगेतल्या एखाद्या कामाले पाळीच न येणे. पुस्तकात शिकवलं मी हे पोरांले. आणि घरातच करून बसली."

"मग आता लिहा ना उद्दिष्ट! साडेचारची मुदत. मी हिशेब काढला, आता बरोबर दीड वाजला. तीन तास म्हणजे एकशेऐंशी मिनिटं, एका संगणकावर अठरा कामं. सहाशे चोवीसले अठरानं भागलं तं चौतीस आणि थोडे, म्हणजे पस्तीस संगणक. आणि पंगतरावानं आग्रहाचे वाढले तेही पस्तीसच!"

बरोबर बसत होतं. एक कमी नाही, एक जास्त नाही. पण आजी उठून येरझाऱ्या घालू लागल्या. "पाहुण्याच्या पुढचं पान उचलाचं..." "त्यांले कळवल्याशिवाय..." "ते काय म्हणतील..." असं पुटपुटत त्यांनी गणनघराला चार चकरा मारल्या. नक्षत्रा घड्याळाकडे बघत पाय आपटत होती. शेवटी आजींनी मोठा श्वास घेतला आणि कोऱ्या जागेत लिहिलं: 'घरची मंडळी. मुदत: आज दुपारी साडेचार.' तेव्हा घड्याळात एक अडतीस झाले होते.

"चालत्या घासावरून कुणाला उठवायचं नाही," पंगतरावाने बजावलं. "दोन मिनिटांचा तारा संपला की ते पान आपलं." एक चाळीसला पस्तीस संगणकांवर नक्षत्राची पस्तीस कामं सुरू झाली. आणि फळ्यावर चौथ्या ओळीपुढे पहिल्यांदा दिवा लागला.

लाल.

'मागे. अपेक्षित वेळ चार चाळीस.'

नक्षत्राने टाळी वाजवली आणि चक्क नाचली.

"अवं, लाल आहे ते!" आजी म्हणाल्या.

"हो ना! लाल आहे! मघापासून काहीच नव्हतं, आता निदान उशीर तरी दिसते!"

लाल दिवा बघून नाचलेली ती बहुधा पहिलीच मुलगी असेल. पण ती वेडी नव्हती. कोऱ्या जागेला कुणी विचारत नाही. लाल दिव्याला मात्र विचारावंच लागतं की बाबा, काय झालं? नक्षत्राने विचारलं, आणि उत्तरही काढलं. दीडला निघालो असतो तर पस्तीस पुरले असते. दहा मिनिटं येरझाऱ्यांत गेली, म्हणून आता प्रत्येक संगणकाला सतराच कामं जमणार. सहाशे चोवीस भागिले सतरा, छत्तीस आणि वर काही. सदतीस हवेत. आजींच्या संकोचापायी दोन संगणक कमी पडत होते.

"दवाखान्याचे घ्याचे नाही," नक्षत्रा म्हणाली. "तिथं बिमार लोक आहेत. हवामानाचे चारही नेमके आहेत. उरले चंद्रवाले. त्यांच्या वीसमधले दोन मागावे लागतील."

"वचन दिलेल्या पानातून मागाचं?" आजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "आग्रहाचं काढलं ते काढलं. हे तं शब्द मोडणं झालं."

"मोडू नका. विचारा."

आजींनी चंद्राला फोन लावला. वेधशाळेच्या प्रमुख डॉ. फरीदा मुजावर पडद्यावर आल्या. आजींनी सगळं सांगितलं. सारस, अंडी, धान, साडेचार. "तर मुजावर मॅडम, लाज वाटते विचारायला, पण तुमच्या वीसमधले दोन संगणक साडेचारपर्यंत आम्हाला देता का?"

मुजावर मॅडम नुसत्या बघत राहिल्या. एक शब्द नाही. चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही.

"रागावल्या," आजी कुजबुजल्या. "सांगितलं होतं ना मी तुले!"

"रागावल्या नाही जी," नक्षत्राही कुजबुजली. "आपला आवाज चंद्रावर जायला सव्वा सेकंद, आणि त्यांचा इकडं यायला सव्वा. तुम्हीच तं शिकवलं!"

तेवढ्यात मुजावर मॅडम खळखळून हसल्या. "अहो यामिनीताई, आम्हाला तर कोडंच पडलं होतं. आम्ही मागितली वीस, आणि चार वर्षं तुमच्याकडून कधी पन्नास, कधी पंचावन्नांचं काम येतंय. आम्हाला वाटलं तुमच्याकडे गावाला कामच नाही! आमचे तारे काही कोटी वर्षं जळतायत, ते आज दुपारी विझणार नाहीत. आणि दोन कसले घेता? सहा घ्या."

"नको नको, दोन पुरे..."

अडीच सेकंदांनी उत्तर आलं. "सहा घेतल्याशिवाय मी फोन ठेवणार नाही."

पंगतरावाच्या छातीवरचा दिवा लखलखला. त्याला आयुष्यात पहिल्यांदाच पाहुण्याने आग्रह केला होता.

एक पन्नासला फळ्यावर आकडे बदलले. चंद्र चौदा, दवाखाना पाच, हवामान चार, घरची मंडळी एकेचाळीस. पहिली पस्तीस कामं झाली होती, पाचशे एकोणनव्वद उरली होती. चंद्राच्या ओळीत वीसच्या जागी मुजावर मॅडमनीच चौदा लिहिलं, तेव्हा ती ओळही हिरवीच राहिली. आणि चौथ्या ओळीपुढचा लाल दिवा एकदा मिचमिचला आणि हिरवा झाला. 'वेळेवर. अपेक्षित वेळ चार वीस.'

आता या हिरव्याला अर्थ होता. नक्षत्रा मात्र तरीही दर पाच मिनिटांनी फळा वाचत होती. झालेली किती, चालू किती, थांबलेली किती. दोनशे. साडेतीनशे. पाचशे. चारला पाच कमी असताना आजींनी तिच्या हातात भजी ठेवली, ती तिने न बघता खाल्ली. बरोबर चार वीसला सहाशे चोवीस झाली आणि थांबलेली शून्य.

सहाशे चोवीस तऱ्हांपैकी फक्त सात तऱ्हांमध्ये धानही भिजत होतं आणि घरटंही कोरडं राहत होतं. सातांतली सगळ्यात चांगली तऱ्हा नक्षत्राने कागदावर लिहिली आणि सायकल अशी हाणली की रस्त्यावरच्या कोंबड्यांना पळता भुई थोडी झाली.

तलावाच्या पाळीवर (मातीच्या भरावावर) सगळं गाव जमलं होतं. लांजेवारांनी चष्मा लावून कागद वाचला. "पहिलं दार तीन खाचा. दुसरं दोन. तिसरं बंद. चौथं एक." त्यांनी चष्मा काढला. "चौथं? बाप्पा! पोरी, चौथं दार तं घरट्याच्या तोंडावर आहे. तेच बंद ठेवाचं असं मी ठरवून बसलो!"

"मलेही तसंच वाटे, मामाजी. पण चौथं बंद ठेवलं तं त्या बाजूच्या बांध्यांले पाणी द्यासाठी तिसरं पूर्ण उघडा लागते. आणि तिसऱ्याचं पाणी उतारानं फिरून मागून येते, खोलगटात साचते. अंडी बुडतात. चौथं एक खाच उघडलं की तेवढं पाणी सरळ पुढच्या पाटात जाते, साचत नाही."

लोक कुजबुजू लागले. लांजेवार घरट्याकडे बघत होते, मग दाराकडे, मग नक्षत्राकडे. "चाळीस वर्षांपासून ही दारं उघडून राहिलो मी," ते म्हणाले. "तू किती खेपा उघडून पाहिलं?"

"सहाशे चोवीस खेपा जी."

लांजेवार हसले. "मग तू माह्या पुढं आहेस." आणि त्यांनी स्वतः जाऊन चौथ्या दाराला हात घातला.

पाच वाजता पाणी सुटलं. नक्षत्रा धावत बांधावर आईजवळ गेली. आईने घरट्यापासून थोड्या अंतरावर एक काठी रोवली होती, तिच्यावर वीतभर अंतराने चुन्याच्या दोन खुणा होत्या, खालची आत्ताच्या पाण्याची आणि वरची अंडी बुडण्याची. पाणी पहिल्या खुणेवरून हललं. मग हळूहळू वर चढलं. आईने नक्षत्राचा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखायला लागली. सारसाची मादी मान उंच करून उभी राहिली. पाणी आणखी चार बोटं वर आलं, आणखी दोन बोटं, आणि दुसऱ्या खुणेच्या खाली तीन बोटांवर थांबलं. त्या दोघी बघत राहिल्या. पाव तास झाला, अर्धा तास झाला. पाणी पुढच्या पाटातून वाहत होतं, पण काठीवर एक बोटभरही वर चढत नव्हतं. पलीकडे पन्नास घरांच्या बांध्या चमकत होत्या.

आई रडली. नक्षत्राही रडली, पण ते वेगळं रडणं होतं.

मग पलीकडच्या बांधीतून नर आला, लांब लांब ढांगा टाकत. घरट्यापाशी दोघांनी एकदा मान वर करून अशी हाक दिली की पाळीवरचे लोकही बोलायचे थांबले. नर हळूच अंड्यांवर बसला, आणि मादी पंख झटकून चरायला निघून गेली.

"त्यांच्यात पाळी ठरलेली असते," आई म्हणाली. "एक बसते, एक खाते. तीन आठवडे झाले, मी रोज पाहतो."

नक्षत्राने आईकडे बघितलं. बांधावर डबा तसाच बांधलेला होता. सकाळी आईनेच भरलेला. तिने तो बाबांना विचारला असेल, राखणीला आलेल्या पोरांना विचारला असेल, वरून जाणाऱ्या लोकांनाही विचारला असेल.

"आई, तू जेवली का?"

"जेवतो ना. घरी गेल्यावर. सगळ्यांचं झालं की..."

"किती वाजता?"

"आता त्याले काय वेळ असते का वो?"

नक्षत्राने डबा सोडला, भाकरीवर भाजी ठेवली आणि आईच्या हातात दिली. "आता सहा वाजले," ती म्हणाली. "रोज राखणीवर असशील तेव्हा दुपारी एक. मी लिहून ठेवतो, आणि उशीर झाला की तुले लाल दिवा दाखवतो."

"बाई, बाई! कुठून शिकून आली ही?" आई हसत म्हणाली, पण तिने भाकरी खाली ठेवली नाही. दोन आठवड्यांनी त्या घरट्यातून पिवळसर पिसांची दोन पिल्लं बाहेर पडणार होती. आई घरट्याकडे बघत सावकाश जेवत होती, आणि नक्षत्रा शेजारी बसून घरट्याची राखण करत होती.